वार पडल्यानंतर

बाळ बाहेर येतं, थोड्या वेळाने वार पडते आणि खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा बाळाकडे वळतात. आईच्या रक्तात नऊ महिने चढत गेलेलं इस्ट्रोजेन मुख्यतः या वारेतून येत असतं. वार गेली की काही दिवसांत त्याची पातळी एकदम खाली येते आणि त्याबरोबर आईच्या योनिमार्गात राहणाऱ्या जीवाणूंची सगळी वस्ती पालटते. मुलगी वयात येताना आणि बाईची पाळी जाताना या वस्तीत मोठे बदल होतात, पण ते हळूहळू, वर्षानुवर्षं चालतात. बाळंतपणानंतरचा बदल काही दिवसांत होतो, आणि त्यातून पूर्वस्थितीवर यायला पुष्कळ जणींना वर्षही पुरत नाही.

हे नीट लक्षात आलं ते गेल्या दशकभरात. त्याआधी आणि त्यानंतरही या विषयावरचे बहुतेक अभ्यास गरोदरपणाचे आहेत. आईच्या जीवाणूंमुळे बाळ लवकर जन्माला येतं का, आईचे जीवाणू बाळाला मिळतात का, सिझेरियन झालं तर बाळाचं काय नुकसान होतं, असे त्यांचे प्रश्न. सगळे महत्त्वाचेच. पण एकापाठोपाठ एक निबंध वाचताना मनाला लागतं ते हे की बाळ जन्मलं की नमुने घेणंही थांबतं. बाळंतीण अभ्यासातून बाहेर पडते.

हे विशेष खटकतं, कारण या शास्त्राचा जन्मच बाळंतिणीच्या खाटेपाशी झाला आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने उतरले. ताप बाहेरून, हातांवरून येतो हे त्यातून दिसलं. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: बाईच्या स्वतःच्या अंगात असलेले जंतू तिला बाधतात का? जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली लायपझिगमध्ये योनिस्रावावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, तो याच प्रश्नावर. ग्रंथाच्या शीर्षकातच बाळंतज्वराचा उल्लेख होता. निरोगी स्त्रियांच्या स्रावात त्यांना लांबट काड्यांसारखे जीवाणू दिसले. हे जीवाणू आम्ल तयार करत होते आणि त्या आम्लात रोगजंतूंची वाढ खुंटत होती. पुढे कितीतरी वर्षं त्या जीवाणूंना डोडरलाइनचंच नाव होतं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतो. दही विरजणाऱ्या जीवाणूंचे हे जवळचे नातलग, पण वेगळ्या जातींचे.

त्यांचं काम कसं चालतं ते आता बऱ्यापैकी उलगडलं आहे. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली योनिमार्गाच्या अस्तरातल्या पेशी ग्लायकोजेन साठवतात. या पेशी सतत झडत असतात. त्यांच्यातल्या ग्लायकोजेनचे लहान तुकडे होतात आणि त्यावर लॅक्टोबॅसिलस जगतात. बदल्यात ते लॅक्टिक आम्ल सोडतात. त्यामुळे तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका खाली राहतो आणि बहुतेक उपद्रवी जीवाणूंना तिथे बस्तान मांडता येत नाही. ही व्यवस्था जवळजवळ माणसापुरतीच आहे. माकडं, वानरं आणि इतर सस्तन प्राणी यांच्यात लॅक्टोबॅसिलसचं असं राज्य आढळत नाही. ते माणसातच का आलं याबद्दल तर्क अनेक आहेत. स्टार्चने भरलेला आहार हा त्यातला एक, आणि अवघड प्रसूतीत जंतुसंसर्गाचा धोका मोठा म्हणून हा दुसरा.

निरोगी बाईचा योनिमार्ग म्हणजे आम्लधर्मी आणि लॅक्टोबॅसिलसने भरलेला, हे समीकरण शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिलं. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवण्याऐवजी त्यांचा डीएनए वाचून ओळखण्याची पद्धत आली तेव्हा त्याला तडा गेला. जॅक राव्हेल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अमेरिकेतल्या ३९६ निरोगी, कुठलीही तक्रार नसलेल्या स्त्रियांचे नमुने तपासले. त्यांना पाच प्रकारच्या वस्त्या दिसल्या. चार वस्त्यांत लॅक्टोबॅसिलसची एकेक जात वरचढ होती: क्रिस्पेटस, गॅसेरी, आयनर्स किंवा जेन्सेनाय. पाचव्या प्रकारात मात्र लॅक्टोबॅसिलस थोडे होते आणि गार्डनरेला, प्रिव्होटेला यांसारखे, बऱ्याच अंशी प्राणवायूविना जगणारे अनेक जीवाणू एकत्र नांदत होते. गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १० टक्के जणींत हा पाचवा प्रकार सापडला, आशियाई वंशाच्या जणींत सुमारे २० टक्के, तर कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी स्त्रियांत जवळपास ४० टक्के. या सगळ्या जणी ठणठणीत होत्या. मग निम्म्याच्या आसपास पोचणाऱ्या स्त्रियांना बिघडलेल्या म्हणायचं कोणत्या आधारावर? पाठ्यपुस्तकातली निरोगी बाई मुख्यतः युरोपीय होती, हे या अभ्यासाने दाखवलं. भारतीय स्त्रियांबद्दल बोलताना ही गोष्ट मनात पक्की धरायला हवी.

लॅक्टोबॅसिलसच्या सगळ्या जातीही सारख्या नाहीत. क्रिस्पेटस हा खमक्या रखवालदार. तो लॅक्टिक आम्लाची दोन्ही रूपं बनवतो आणि त्याची वस्ती सहसा ढळत नाही. आयनर्सचा जनुकसंच फार लहान आहे, आम्लाचं एक रूप त्याला बनवताच येत नाही, आणि पेशींना छिद्रं पाडणारं एक प्रथिनही तो सोडतो. तो गार्डनरेलाच्या शेजारीही सुखाने राहतो. म्हणून अहवालात नुसतं लॅक्टोबॅसिलस आहेत असं वाचून फारसं काही कळत नाही. कोणते, हे महत्त्वाचं.

गरोदरपणात ही वस्ती शांत होते. इस्ट्रोजेन वाढतं, ग्लायकोजेन वाढतं, पाळी थांबलेली असल्याने दर महिन्याचा रक्ताचा व्यत्ययही नसतो. २०१४ साली रोबेर्तो रोमेरो यांच्या गटाने गरोदर आणि गरोदर नसलेल्या स्त्रियांची तुलना केली, तेव्हा गरोदर स्त्रियांतली वस्ती अधिक स्थिर आढळली. व्हर्जिनियातल्या मोठ्या अभ्यासात त्यापुढची गोष्ट दिसली: आफ्रिकी आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या ज्या स्त्रियांत एरवी मिश्र वस्ती जास्त असते, त्यांच्यातही गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच लॅक्टोबॅसिलसकडे कल वाढतो. शरीर जणू दाराची डागडुजी करून घेतं. याच काळात अंगावरून जाणारं पांढरं पाणी वाढतं, ते बहुतेक वेळा स्वाभाविक असतं. ग्लायकोजेनवर बुरशीही पोसते, त्यामुळे खाज आणि दह्यासारखा स्राव हा त्रासही गरोदरपणात जास्त होतो. तो वेगळा आणि सहज बरा होणारा प्रश्न आहे.

आता अकाली प्रसूती. या विषयातला सर्वांत जास्त पैसा, सर्वांत जास्त मेहनत आणि सर्वांत जास्त निराशा इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० साली जगात १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. त्यातली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. यातल्या काही प्रसूतींमागे संसर्ग असतो. योनिमार्गातले जीवाणू गर्भाशयमुखातल्या चिकट बोळ्याला पोखरून वर चढतात, गार्डनरेलाची विकरं तो चिकटा विरघळवतात, दाह सुरू होतो, त्यातून निघणारी रसायनं कळा आणतात आणि पाणमोट कमजोर करतात. ही साखळी पटण्यासारखी आहे आणि तिला आधारही आहे. बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा लॅक्टोबॅसिलस हटून मिश्र जीवाणू माजण्याचा विकार. ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स यांनी तो १९५५ साली नीट मांडला. १९९५ साली शॅरन हिलियर यांच्या गटाने १० हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवलं की हा विकार असलेल्या जणींना कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं बाळ होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त असतो.

मग उपाय सोपा वाटला. तपासणी करा, अँटिबायोटिक द्या. २००० साली अमेरिकेत लक्षणं नसलेल्या जवळपास दोन हजार गरोदर स्त्रियांवर मेट्रोनिडाझोलची चाचणी झाली: जीवाणू गेले, अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. फ्रान्समध्ये ८४ हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांची तपासणी करून क्लिंडामायसिनची चाचणी घेतली गेली. २०१८ साली निकाल आला, तोही तसाच. त्याआधी ब्रिटनमध्ये अवेळी कळा सुरू झालेल्या पण पाणमोट शाबूत असलेल्या स्त्रियांना अँटिबायोटिकं दिली गेली होती. फायदा झाला नाही, आणि ती मुलं सात वर्षांची झाल्यावर पाहिलं तेव्हा औषध घेतलेल्या आयांच्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण वाढलेलं आढळलं. एकूण संख्या लहान होती, पण धडा मोठा होता. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० साली सांगितलं की धोका नसलेल्या आणि तक्रार नसलेल्या गरोदर स्त्रियांची या विकारासाठी सरसकट तपासणी करू नये. ज्यांना तक्रार आहे त्यांचे उपचार व्हायलाच हवेत; त्याबद्दल वाद नाही.

गर्भाशयमुख सैल असलं की टाका घालतात, त्या टाक्याची कथाही अशीच आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की पीळ असलेल्या धाग्याने टाका घातला की जीवाणूंची वस्ती बिघडते आणि एकपदरी नायलॉनने तसं होत नाही. तर्क चोख होता. मग दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली, आणि गर्भ वाया जाण्याच्या प्रमाणात दोन धाग्यांत फरक निघाला नाही. जीवाणू बदलणं आणि बाळ वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुन्हा पुन्हा शिकावं लागतंय.

नव्या पद्धतीच्या अभ्यासांतही एकवाक्यता कमी आहे. स्टॅनफर्डच्या अभ्यासात लॅक्टोबॅसिलस कमी असण्याशी अकाली प्रसूतीचा संबंध दिसला. अलाबामातल्या, मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गटात तो तसा दिसला नाही. व्हर्जिनियातल्या २०१९ च्या अभ्यासात क्रिस्पेटस कमी आणि स्निथिया, प्रिव्होटेला वगैरे जास्त असा नमुना मिळाला. त्याच वर्षी मिशल एलोव्हिट्झ यांच्या गटाने आणखी एक धागा जोडला: जीवाणू तेच असले तरी बाईच्या शरीराची स्थानिक प्रतिकारशक्ती कशी आहे त्यावर धोका बदलतो. मला हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग वाटतो. जीवाणूंची नावं मोजून भविष्य सांगता येणार नाही. ते आणि आपलं शरीर यांच्यातला व्यवहार पाहावा लागेल.

भारतात गुरुग्रामच्या सामान्य रुग्णालयात २०१५ पासून गर्भिणी नावाचा मोठा अभ्यास सुरू आहे. फरीदाबादच्या संस्थेने चालवलेल्या या अभ्यासात आठ हजारांच्या आसपास गरोदर स्त्रिया गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत सामील झाल्या. भारतीय बाईचं चित्र भारतीय नमुन्यांतूनच काढायचं हा त्यामागचा आग्रह योग्य आहे.

बाळाला आईकडून काय मिळतं, याबद्दल मात्र लोकांत एक गोष्ट फार खोल रुजली आहे आणि ती दुरुस्त करायला हवी. २०१० साली मारिया ग्लोरिया दोमिन्गेझ-बेल्यो यांनी व्हेनेझुएलातल्या नऊ आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. योनिमार्गाने जन्मलेल्या बाळांच्या अंगावर आईच्या योनिमार्गासारखे जीवाणू आणि सिझेरियनने जन्मलेल्यांच्या अंगावर त्वचेसारखे. पुढे २०१६ साली त्यांनी सिझेरियनने जन्मलेल्या चार बाळांच्या अंगावरून आईच्या योनिस्रावाची घडी फिरवली. चार बाळांचा हा प्रयोग जगभर बातमी झाला आणि काही पालक स्वतःच तसं करू लागले. पण जन्माच्या क्षणी अंगावर काय चिकटलं आणि नंतर पोटात काय टिकलं हे निराळं. ब्रिटनमधल्या ५९६ बाळांच्या २०१९ च्या अभ्यासात योनिमार्गाने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यांत टिकलेले जीवाणू आईच्या आतड्यातले निघाले, योनिमार्गातले नव्हेत. योनीतले लॅक्टोबॅसिलस बाळाच्या पोटात फार काळ राहतच नाहीत. म्हणून सिझेरियन झालेल्या आईने मनाला लावून घेण्यासारखं यात काही नाही. अमेरिकी प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ सालीच सांगितलं की संशोधनाबाहेर ही घडी फिरवू नये, कारण नागीण, क्लॅमिडिया किंवा गट ब स्ट्रेप्टोकॉकस हेही त्याच घडीवरून बाळाला लागू शकतात. वारेत जीवाणूंची वस्ती असते हा दावाही असाच मागे पडला: २०१९ साली ५३७ वारा तपासल्यावर सापडलेले जीवाणू बहुतेक प्रसूतीच्या वेळचे किंवा प्रयोगशाळेच्या साहित्यातले निघाले.

आता बाळंतिणीकडे येऊ.

स्टॅनफर्डच्या डेव्हिड रेलमन यांच्या गटाने ४९ गरोदर स्त्रियांचे दर आठवड्याला नमुने घेतले आणि, हे महत्त्वाचं, त्यातल्या काहींचे बाळंतपणानंतरही घेत राहिले. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर लॅक्टोबॅसिलस एकदम घटले आणि प्रिव्होटेला, पेप्टोनिफिलस, ॲनिरोकॉकस असे मिश्र जीवाणू वाढले. ज्यांचे नमुने मिळत राहिले त्यांच्यापैकी काहींत ही स्थिती वर्षभर टिकली. बाळ लवकर झालं की वेळेवर, याने फरक पडला नाही. त्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा अभ्यास आला. ४२ ब्रिटिश स्त्रिया, त्यांत गोऱ्या, आशियाई आणि कृष्णवर्णीय अशा सगळ्या. गरोदरपणी वस्ती कोणत्याही प्रकारची असो, वंश कोणताही असो, बाळंतपणानंतर लॅक्टोबॅसिलस घटले. मलावीच्या खेड्यांतल्या बाळंतिणींतही लॅक्टोबॅसिलसची उणीव हीच सर्वसाधारण स्थिती आढळली. स्टॅनफर्डच्याच गटाने २०२३ साली दाखवलं की प्रसूतीबरोबर जीवाणूच नव्हे, दाहाचे निर्देशकही एकदम पालटतात आणि सावरण्याची गती मंद असते.

वंश, देश, गरोदरपणीची स्थिती यांवर गरोदरपणातले निष्कर्ष बदलतात, आणि बाळंतपणानंतरचा बदल मात्र सगळीकडे एकच. या क्षेत्रात इतका ठाम आणि पुन्हा पुन्हा मिळणारा निष्कर्ष दुसरा नाही. तरीही त्यावर झालेलं काम मूठभर आहे.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. वार गेल्यावर इस्ट्रोजेन गेलं, तर ग्लायकोजेनही आटतं आणि लॅक्टोबॅसिलसचं अन्न संपतं. पुढचे चार-सहा आठवडे अंगावरून जात राहतं. रक्त आम्लाला मारतं आणि इतर जीवाणूंना पोसतं. टाके असतील, जखमा असतील तर ऊती सावरत असतात. त्यानंतर अंगावर पाजणारी आई असेल तर प्रोलॅक्टिन चढं राहतं आणि बीजकोषांना दबवून ठेवतं. म्हणजे इस्ट्रोजेन महिनोन्‌महिने कमीच. बाळाला पाजणाऱ्या तरुण बाईच्या योनिमार्गाचं अस्तर या काळात पाळी गेलेल्या बाईसारखं पातळ आणि कोरडं होतं. संबंधाच्या वेळी दुखतं, आग होते, लघवीला जळजळतं. हे तिला कुणी आधी सांगितलेलं नसतं. नवऱ्याला वाटतं हिची इच्छा गेली. सासूला वाटतं हिचा नखरा. बाईला स्वतःला वाटतं आपल्यात काहीतरी बिघडलं. स्तनपान सोडायचं कारण यात मुळीच नाही, पण चिकटपणा देणारं साधं जेल, आणि गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन, असे उपाय आहेत आणि ते तिला माहीत असायला हवेत.

एक काळजी इथे घ्यायला हवी. बाळंतपणानंतर लॅक्टोबॅसिलस कमी होतात म्हणजे प्रत्येक बाळंतीण आजारी असते, असं मुळीच नाही. बहुतेक जणींना काही तक्रार नसते. जो बदल जगातल्या सगळ्या आयांत होतो त्याला रोग म्हणणं चुकीचं ठरेल. प्रश्न एवढाच की हा काळ रक्षणाच्या दृष्टीने कच्चा असतो का. तसं मानायला जागा आहे. आफ्रिकेतल्या जोडप्यांच्या एका मोठ्या अभ्यासात दर संबंधामागे एचआयव्ही लागण्याचा धोका एरवीपेक्षा बाळंतपणानंतरच्या काळात जवळपास चौपट निघाला. त्यामागे एकच कारण नसेल, पण अस्तर आणि जीवाणू यांचा त्यात वाटा असणं शक्य आहे. दुसरा मुद्दा पाठच्या बाळाचा. दोन बाळंतपणांत अंतर कमी असलं की पुढचं बाळ लवकर होण्याचा धोका वाढतो, हे जुनं निरीक्षण आहे. जीवाणूंची वस्ती सावरण्याआधीच पुन्हा दिवस राहिले तर बाई ती अर्धवट सावरलेली वस्ती घेऊनच नव्या गरोदरपणात जाते, असा तर्क स्टॅनफर्डच्या गटाने मांडला. तो अजून तर्कच आहे. पण जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याशी तो जुळतो.

आणि मग बाळंतज्वर, डोडरलाइन यांचा मूळ प्रश्न. तो सुटलेला नाही. प्रसूतीनंतरचा संसर्ग आजही जगात मातामृत्यूच्या प्रमुख कारणांत मोडतो. या बाबतीत अलीकडची सर्वांत मोलाची चाचणी आपल्या ओळखीच्या ठिकाणी झाली आहे. सात देशांतल्या २९,२७८ स्त्रियांना प्रसूतिकळांच्या वेळी ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस, दोन ग्रॅम, तोंडावाटे दिला किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. भारतातली केंद्रं होती नागपूर आणि बेळगाव. २०२३ साली निकाल आला: आईला सेप्सिस होणं किंवा तिचा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण औषध घेतलेल्यांत १.६ टक्के, न घेतलेल्यांत २.४ टक्के. बाळांच्या बाबतीत फरक पडला नाही. विदर्भातल्या आणि सीमाभागातल्या हजारो बायकांनी यात भाग घेतला, आणि तो लाभ नेमका आईच्या पदरात पडला. असं औषध सरसकट दिल्याने जीवाणू त्याला दाद देईनासे होतील, ही भीती खरी आहे आणि तिच्यावर नजर ठेवावीच लागेल. तरी एका औषधाचा एक डोस एवढ्यावर एक तृतीयांश सेप्सिस टळतो, हे दुर्लक्षिण्यासारखं नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी आणखी जुना संबंध आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग होते, त्यांत योनिमार्गाच्या संसर्गाचा वाटा मोठा होता. आणि त्याआधी कधीही स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. जगाच्या आरोग्यधोरणात बाई म्हणजे गरोदर बाई एवढंच समीकरण होतं, त्याला या अभ्यासाने धक्का दिला. गरोदर नसलेल्या बाईलाही शरीर असतं, हे सांगावं लागलं. पस्तीसहून अधिक वर्षांनी सूक्ष्मजीवांच्या संशोधनात तीच उणीव दिसते, याचं मला वाईट वाटतं.

सांगितलं न जाण्याची पोकळी बाजार भरून काढतो. योनिमार्ग धुण्याची सुवासिक द्रावणं, सामू राखणारे साबण, प्रोबायोटिक कॅप्सूल यांच्या जाहिराती नव्या आयांच्या मोबाइलवर धडकतात. आतून धुण्याने लॅक्टोबॅसिलस वाढत नाहीत, उलट घटतात. हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. बाहेरून साधं पाणी पुरतं. प्रोबायोटिकांत आशेला जागा आहे, पण ती एका विशिष्ट जातीबद्दल: क्रिस्पेटसच्या एका वाणाची योनिमार्गात ठेवायची मात्रा २०२० साली तपासली गेली. बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर उपचार झालेल्या २२८ स्त्रियांत तो विकार पुन्हा उलटण्याचं प्रमाण बारा आठवड्यांत ४५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आलं. या स्त्रिया बाळंतिणी नव्हत्या. दुकानातल्या दह्याच्या जीवाणूंच्या कॅप्सूलला हा पुरावा लागू होत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२५ साली दाखवलेली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: बाईबरोबर तिच्या जोडीदारावरही उपचार केले तर हा विकार उलटण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर येतं. आजवर एकट्या बाईला गोळ्या खायला लावणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं.

आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण बाळंतपणातून उठते. दवाखान्याचा हिशोबही साधारण तेवढाच, ४२ दिवसांचा. आशाताईच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटीही ४२ व्या दिवशी संपतात. आईच्या शरीराचं वेळापत्रक मात्र त्या दिवशी नुकतं सुरू झालेलं असतं. पण आशाताई त्यानंतरही त्या घरी जाते. बाळाच्या वाढीसाठी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात तिच्या भेटी ठरलेल्या आहेत. वजन, लसी, वरचं अन्न, सगळी विचारपूस बाळाची. नेमके हेच महिने आईच्या योनिमार्गातली वस्ती सावरण्याचे आहेत. नवी यंत्रणा, नवा निधी काही लागत नाही. त्या भेटीत आईला बाजूला घेऊन तीन प्रश्न विचारले जावेत: अंगावरून वास येणारं पाणी जातं का, लघवीला किंवा संबंधाला त्रास होतो का, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून काय करतेस. पहिल्या दोहोंपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई डॉक्टरकडे तिची तपासणी व्हावी. आणि जे संशोधक गरोदर स्त्रियांचे नमुने गोळा करत आहेत, त्यांनी प्रसूतीच्या दिवशी थांबू नये. आणखी एक वर्ष त्या बाईच्या दारात जावं.